राजा तटावर नको

२०१४ साली मार्व्हल कॉमिक्सने ‘ओरिजिनल सिन’ नावाची मालिका काढली. लेखक जेसन आरॉन, चित्रकार माइक डिओडाटो. चंद्रावर राहून पृथ्वीवरची प्रत्येक घटना पाहणारा, पण कशातही हात न घालण्याची शपथ घेतलेला उआटू हा ‘वॉचर’ मारला जातो आणि त्याच्या खुनाचा तपास करता करता एक जुनं गुपित बाहेर येतं. निक फ्युरीला सगळे एका हेरसंघटनेचा प्रमुख म्हणून ओळखत होते. प्रत्यक्षात तो कित्येक दशकं आणखी एक काम करत होता. परग्रहावरून, पाताळातून, दुसऱ्या मितीतून पृथ्वीवर चालून येईल असं जे काही त्याला दिसलं, ते त्याने इथे पोचण्याआधीच संपवलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. त्याच्याआधी वुड्रो मॅकॉर्ड नावाचा माणूस हेच करत होता. कथेत या पदाला ‘भिंतीवरचा माणूस’ म्हटलं आहे. आपण त्याला तटावरचा पहारेकरी म्हणू. म्हातारा झालेला फ्युरी आता वारस शोधतो आहे. त्याच्या डोळ्यासमोर जी मंडळी आहेत त्यांत डॉक्टर स्ट्रेंज आहे, पनिशर आहे, मून नाइट, गमोरा आणि ‘विंटर सोल्जर’ म्हणजे बकी बार्न्स आहे. त्यांच्यात एक राजाही आहे: वकांडाचा टी'चाला, अर्थात ब्लॅक पँथर. शेवटी पहारा जातो बकीकडे.

वरवर पाहता ही निवड चुकलेली वाटते. टी'चाला त्या विश्वातल्या सर्वांत बुद्धिमान माणसांपैकी एक आहे. त्याच्याकडे व्हायब्रेनियम हा दुर्मिळ धातू आहे, उत्तम प्रयोगशाळा आहेत, स्वतःचं हेरखातं आहे आणि शतकानुशतकं जगाच्या नजरेपासून लपून राहिलेल्या देशाचा अनुभव पाठीशी आहे. फ्युरीला जे चोरून, जमवाजमव करून उभं करावं लागलं, ते टी'चालाला वारशानेच मिळालेलं. शिवाय लाखोंच्या जिवाचा निर्णय एकट्याने घ्यायचा आणि त्याचं ओझं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे शिक्षण त्याला लहानपणापासून मिळालं आहे. बकीकडे यातलं काय आहे? एक धातूचा हात, आणि सोव्हिएत मालकांनी त्याची बुद्धी ताब्यात घेऊन करवलेल्या खुनांच्या आठवणी.

तरीही बकीची निवड बरोबर होती असं माझं ठाम मत आहे. टी'चाला राजा आहे, आणि जो राजा आहे त्याने जगाचा गुप्त रक्षक होऊ नये. वेळ पुरणार नाही, मन घट्ट राहणार नाही, अशी कारणं मी देणार नाही. ती टी'चालाच्या बाबतीत खरी नाहीत. अडचण त्याच्या पदात आहे. आणि ती फक्त चित्रांच्या चौकटींतली अडचण नाही. अण्वस्त्रं हाती आल्यापासून काही देशांचे प्रमुख एकाच वेळी आपल्या जनतेचे राज्यकर्तेही आहेत आणि बंद दाराआड सगळ्या पृथ्वीच्या जगण्यामरण्याचा निर्णय घेणारेही आहेत. कॉमिक्सने तो प्रश्न फक्त मोठा करून दाखवला आहे.

टी'चाला पहिल्यांदा आला तो जुलै १९६६ च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या ५२व्या अंकात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो निर्माण केला. ओकलंडमधला ब्लॅक पँथर पक्ष त्यानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये स्थापन झाला. पक्षाने नाव कॉमिक्सवरून घेतलं नव्हतं. पण त्या पक्षावरून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली, त्यामुळे या नावाशी मराठी वाचकाचं नातं चित्रपटाच्या कितीतरी आधीचं आहे. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटात दिग्दर्शक रायन कूगलरने कथेचा एक धागा १९९२ च्या ओकलंडमध्ये बांधला, तेव्हा दोन्ही पँथर समोरासमोर आले. एका बाजूला देशाचं गुपित राखणं हेच पहिलं कर्तव्य मानणारं राजघराणं, दुसऱ्या बाजूला अन्यायाविरुद्ध भर रस्त्यात उभं राहण्याची परंपरा. चित्रपटातला खलनायक किलमाँगर क्रूर आहे, पण त्याचा सवाल खरा आहे: जगभर आपली माणसं चिरडली जात असताना तुमचा देश लपून का बसला? शेवटी टी'चाला संयुक्त राष्ट्रांसमोर उभा राहतो आणि वकांडाचं ज्ञान जगाला खुलं करायचं ठरवतो. राजा म्हणून त्याची उंची वाढते ती गुपित सोडल्यावर. ही गोष्ट पुढे कामी येईल.

कॉमिक्समध्ये मात्र टी'चालाला गुप्त पहाऱ्यावर उभं करून पाहण्याचे प्रयोग किमान तीन लेखकांनी केले आहेत. पहिला ख्रिस्तोफर प्रीस्ट. त्याची मालिका १९९८ मध्ये सुरू झाली आणि तिने जुन्या कथांना वेगळाच अर्थ दिला. टी'चाला अ‍ॅव्हेंजर्समध्ये सामील झाला होता तो मुळात त्यांच्यावर नजर ठेवायला. अमेरिकेत देवांसारखी ताकद असलेली माणसं एकत्र येत आहेत. उद्या ती वकांडावर उलटली तर? राजा म्हणून हा विचार रास्त आहे. अशा फौजेची माहिती न काढणारा राजा निष्काळजीच म्हणावा लागेल. पण ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तो वर्षानुवर्षं लढला, त्यांच्या बाजूने पाहा. या एका खुलाशाने त्याचं मागचं प्रत्येक काम संशयात सापडलं. त्याने जगाला वाचवलं तेव्हा तो जगाचं रक्षण करत होता, की वकांडासाठी टेहळणी? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बाहेरच्या माणसाला मात्र ते ठरवायचा मार्गच उरत नाही. राजाच्या गुप्त कृतीमागे त्याच्या राज्याचा स्वार्थ शोधला जाणारच, आणि तो शोधणाऱ्याला दोष देता येणार नाही.

दुसरा प्रयोग जोनाथन हिकमनचा, २०१३ ते २०१५ या काळातल्या ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’मधला. सुपरहिरोंच्या कथांमध्ये सत्ता आणि गुप्तता यांचा इतका खोल विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही, म्हणून इथे जरा थांबतो. त्याची पार्श्वभूमी अशी. ब्रायन मायकल बेंडिसने काही वर्षांपूर्वी ‘इल्युमिनाटी’ नावाचं एक गुप्त मंडळ कथेत आणलं होतं. आयर्न मॅन, रीड रिचर्ड्स, डॉक्टर स्ट्रेंज, प्रोफेसर एक्स, अटलांटिसचा राजा नेमॉर आणि इनह्यूमन लोकांचा राजा ब्लॅक बोल्ट असे सहाजण जगाच्या पाठीमागे जगाचे निर्णय घेणार होते. बैठक वकांडात झाली. टी'चालाने यजमानपण निभावलं, पण मंडळात यायला साफ नकार दिला. हा अधिकार तुम्हाला दिला कुणी, हा त्याचा आक्षेप होता. पुढे याच मंडळाने हल्कला फसवून अंतराळात पाठवून दिलं आणि तो सूड घ्यायला परत आला. नकार किती शहाणपणाचा होता ते दिसलं.

हिकमनच्या कथेत मात्र टी'चाला स्वतः त्या मंडळाला बोलावतो. समांतर विश्वं एकमेकांवर आदळू लागली आहेत आणि प्रत्येक टकरीचा बिंदू पृथ्वी आहे. दोन पृथ्वी आकाशात समोरासमोर येतात. आठ तासांत त्यांतली एक नष्ट झाली नाही तर दोन्ही विश्वं संपतात. पहिली टक्कर टी'चालाच्या डोळ्यांदेखत, वकांडाच्या भूमीवर होते. मग वकांडाच्या मृत राजांच्या नगरीत, जमिनीखाली, ही माणसं जमतात आणि दुसऱ्यांची पृथ्वी उडवून देणारी अस्त्रं बनवू लागतात. कॅप्टन अमेरिका विरोध करतो तेव्हा त्याची स्मृती पुसून टाकतात. या वेळी मंडळाचं पहिलं गुप्त कृत्य शत्रूविरुद्ध झालं नाही. त्यांना नाही म्हणणाऱ्या एकमेव माणसाविरुद्ध झालं.

या सगळ्याच्या वर जमिनीवर काय चाललं आहे? वकांडाची राणी त्या वेळी टी'चालाची बहीण शुरी आहे. त्याआधी, २०१२ च्या कथेत, फिनिक्स या वैश्विक शक्तीची ताकद मिळालेल्या नेमॉरने वकांडावर पाणी सोडून राजधानी बुडवली होती. असंख्य माणसं मेली. वकांडा आणि अटलांटिस यांच्यात युद्ध पेटलं आहे. आणि त्याच नेमॉरबरोबर टी'चाला राजधानीच्या पोटात बसून मसलत करतो आहे, कारण विश्व वाचवायला नेमॉर लागतो. जगाचा रक्षक म्हणून हे बरोबर आहे. ज्यांची मुलं त्या पाण्यात गेली त्यांचा राजपुत्र म्हणून हा विश्वासघात आहे. यातलं एक कर्तव्य मोठं आणि दुसरं छोटं, असं म्हणून सुटका होत नाही. उघडपणे त्याने शुरीकडे जाऊन सगळं सांगितलं असतं, तर ती कदाचित संतापली असती, कदाचित समजलीही असती. निदान निवड तिच्या आणि तिच्या लोकांच्या हातात राहिली असती. गुप्ततेने ती निवडच काढून घेतली. सत्य कळल्यावर शुरीने भावाला देशाबाहेर काढलं. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

मग तो क्षण येतो. समोर एक पृथ्वी आहे, जिवंत माणसांनी भरलेली. ती नष्ट करण्याची कळ टी'चालाच्या हातात आहे. मृत राजे, त्याचा स्वतःचा बापही, त्याला आज्ञा करतात: दाब. तो दाबू शकत नाही. पूर्वज त्याला नाकारतात. कळ नेमॉर दाबतो आणि एक जग संपतं. हा प्रसंग वाचताना बहुतेकांचं लक्ष टी'चालाच्या करुणेकडे जातं. मला त्यातली दुसरी गोष्ट अस्वस्थ करते. अब्जावधींच्या मरणाचा हा निर्णय घेताना वकांडाच्या राजघराण्यातल्या या माणसाच्या कानाशी एकही जिवंत वकांडावासी नव्हता. होते ते मेलेले राजे. मेलेल्यांना राज्य टिकलं पाहिजे एवढंच हवं असतं. त्या कृत्यासह पुढे जगावं लागणार असतं ते जिवंतांना. गुप्त पहाऱ्यावर गेलेल्या राजाजवळ सल्ल्याला उरतात ते असेच आवाज: घराण्याचे, इतिहासाचे, कर्तव्याच्या जुन्या व्याख्येचे. आजची प्रजा त्या खोलीत नसते, कारण तिला खोलीचा पत्ताच दिलेला नसतो.

तिसरा प्रयोग जॉन रिडलीचा, २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला. तोपर्यंत टा-नेहिसी कोट्सच्या मालिकेत वकांडात बंड होऊन गेलं आहे, राजाची सत्ता घटनेने बांधली गेली आहे, लोकांनी निवडलेलं सरकार आलं आहे. आणि आता उघड होतं की टी'चालाने जगभर आपले झोपते हेर पेरून ठेवले होते. संकट आलंच तर असू द्यावेत म्हणून. सरकारला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही, अ‍ॅव्हेंजर्सना माहीत नाही. ते हेर एकेक करून मारले जाऊ लागतात, तेव्हा गुपित बाहेर पडतं आणि टी'चालाला सिंहासनही जातं आणि देशही. हेतू वाईट होता असं कुणीच म्हणत नाही. पण जी माणसं त्याच्या शब्दावर परक्या देशांत नाव बदलून राहिली, त्यांच्या जिवाची जबाबदारी घेणारी एकही संस्था नव्हती, कारण त्यांचं अस्तित्व एकाच डोक्यात साठवलेलं होतं.

तीन लेखक, तीन वेगळे काळ, आणि प्रत्येक वेळी पहाऱ्याने राजपद पोखरलं. ब्लॅक बोल्टचं उदाहरण तर आणखी कठोर आहे. २०१३ च्या ‘इन्फिनिटी’त थॅनोस हा खलनायक पृथ्वीवर चालून आला तेव्हा या राजाने न्यूयॉर्कच्या आकाशात आपल्याच राजधानीवर टेरिजन बॉम्ब फोडला आणि त्यामागचा बेत लोकांपासून लपवला. त्यातून उठलेला ढग जगभर फिरला, सामान्य माणसांची शरीरं बदलली, आणि पुढे तोच ढग म्युटंट लोकांना विषासारखा ठरला. एका राजाने एकट्याने केलेल्या कृतीसाठी दोन समाज एकमेकांच्या जिवावर उठले. सैनिकाच्या हातून एवढं मोठं काही घडूच शकत नाही. राजाच्या हाताला सबंध राज्याचं बळ जोडलेलं असतं, म्हणून त्याची गुप्त चूकही राज्याएवढी होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फ्युरीने एखाद्या परग्रहावरच्या सेनापतीला मारलं आणि ते उघड झालं, तर त्या ग्रहाचे लोक फ्युरीला शोधतील. त्याचं पाप त्याच्यापाशी थांबतं. कथेतही तसंच होतं: उआटूचा अंत फ्युरीच्याच हातून झालेला असतो आणि शिक्षा म्हणून तो चंद्रावर साखळदंडांत जखडला जातो. टी'चालाने तेच केलं तर ते वकांडाने केलेलं युद्ध ठरतं. सूड उगवायला येणारे वकांडाच्या शेतांवर आणि शाळांवर येतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते चूक नसेल. राजाला सुटीच्या दिवशी खाजगी माणूस म्हणून खून करता येत नाही. ज्या शेतकऱ्याला या पहाऱ्याची गंधवार्ता नव्हती, तोही त्या कृत्याचा भागीदार होऊन बसतो. त्याची संमती कुणी घेतली? पहारेकरी असा हवा की ज्याला गरज पडली तर सगळ्यांना नाकारता येईल, ज्याच्या मागे कुणाचंच घर जळणार नाही. बकी बार्न्सला प्रजा नाही. त्याची सर्वांत मोठी पात्रता हीच.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या परिशिष्टात त्याने एक कसोटी दिली आहे: इतरांच्या हक्कांवर परिणाम करणारी जी कृती तिच्यामागचं तत्त्व जाहीर करताच फसेल, ती अन्याय्य समजावी. ही कसोटी हेराला किंवा सैनिकाला लावली तर अन्याय होईल. शत्रूला बेत सांगून लढाई होत नाही. कांटचा रोख आहे तो तत्त्वावर. ‘आमच्या देशाचं हेरखातं आहे आणि ते अमुक मर्यादेत काम करतं’ हे तत्त्व चारचौघांत सांगता येतं, भले तपशील गुप्त राहो. ‘तुमचा राजा तुम्हाला न विचारता, कोणत्याही मर्यादेशिवाय, कुठल्याही जगाचा नाश करू शकतो’ हे तत्त्व वकांडाच्या चौकात वाचून दाखवा, आणि राज्य संध्याकाळपर्यंत टिकतं का पाहा.

मायकल वॉल्झर या अमेरिकी विचारवंताने १९७३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात मळलेल्या हातांचा प्रश्न मांडला. चांगल्या राज्यकर्त्यालाही कधी वाईट कृत्य करावं लागतं, हे तो मान्य करतो. पण त्या माणसाने आपण दोषी आहोत हे जाणलं पाहिजे आणि त्याची किंमतही मोजली पाहिजे, असं त्याचं म्हणणं आहे. खरी अडचण त्याला दिसते ती अशी की राज्यकर्त्याकडून किंमत वसूल करणारं कुणी नसतं. गुप्त रक्षक झालेल्या राजाच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. न्याय करणारं सर्वोच्च पद त्याचंच, आणि गुन्हा घडला हे ठाऊक असलेला माणूसही तोच.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा कॉमिक्सबाहेरचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ऑक्टोबर १९६२. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं, अटलांटिकमध्ये अमेरिकी नौदलाची नाकेबंदी, जग अणुयुद्धाच्या काठावर. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिनला भेटले आणि सांगितलं की तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढली जातील. मात्र याची वाच्यता झाली तर कबुली रद्द. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने माघार जाहीर केली. एप्रिल १९६३ पर्यंत ज्युपिटर खरोखर निघाली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी हा सौदा मोजक्या सल्लागारांपलीकडे कुणाला कळू दिला नाही. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सनही त्यातून बाहेर होते. एका राज्यकर्त्याने गुप्तपणे पृथ्वी वाचवली, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. त्या रात्रीच्या गुप्ततेला माझा विरोध नाही. मी त्यांचा आभारी आहे. आपण सगळेच असायला हवं.

पण गोष्ट त्या रात्री संपली नाही. गुपित पुढे कित्येक वर्षं राखलं गेलं. लोकांना सांगितली गेली ती कहाणी अशी: केनेडी ठाम राहिले आणि समोरचा वाकला. रॉबर्ट केनेडींच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये, त्यांचं या संकटावरचं पुस्तक निघालं. त्याच्या संपादनात सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपण गाळल्याचं केनेडींचे सल्लागार थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत मान्य केलं. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ एक खोटा धडा शिकवला गेला की बळ दाखवलं की शत्रू नमतो, देवाणघेवाण दुबळ्यांसाठी असते. ज्या जॉन्सनना सौदा माहीत नव्हता, तेच नंतर व्हिएतनाममध्ये फौजा वाढवत गेले. त्यांच्या मनावर या अपुऱ्या धड्याचा ठसा होता असं अनेक अभ्यासक मानतात. तिकडे ख्रुश्चेव्हलाही आपण काय मिळवलं ते सांगता आलं नाही. १९६४ मध्ये त्याला पदावरून काढलं गेलं तेव्हा क्युबातली माघार विरोधकांच्या हाती हत्यार होती. त्या रात्रीची गुप्तता जगाला वाचवून गेली. त्यापुढच्या वर्षांच्या गुप्ततेने जगाला चुकीचं शिकवलं. राज्यकर्त्याच्या गुपिताला मुदत हवी, ती इथे नव्हती.

त्याच २७ ऑक्टोबरला समुद्राखाली आणखी एक गोष्ट घडत होती. अमेरिकी नौकांनी वेढलेल्या बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीत कप्तान अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सज्ज करायला निघाला होता. वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने संमती दिली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह या लेफ्टनंट कर्नलने आपल्या यंत्रणेवर दिसलेली अमेरिकी क्षेपणास्त्रं खोटा इशारा असल्याचं ठरवलं आणि तो बरोबर निघाला. दोघांची नावं जगाला फार उशिरा कळली. पृथ्वीचे खरे गुप्त रक्षक आपल्याला मिळाले ते असे. कुणाकडेही सिंहासन नव्हतं. त्यांच्या हातात होती ती फक्त न करण्याची ताकद, आणि तेवढ्या ताकदीचा गैरवापर होऊ शकत नव्हता.

आपल्याकडच्या राजनीतीने ही विभागणी जुन्या काळीच ओळखली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांवर प्रकरणं आहेत. साधू, व्यापारी, विद्यार्थी अशा वेषांत फिरणारे हेर कसे नेमावेत याचा बारीक तपशील आहे. कौटिल्य काही भाबडा नीतिवादी नव्हे. तरीही त्याच्या व्यवस्थेत गूढ असतात ते राजाचे पुरुष. राजा स्वतः सभेत बसतो, लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, आणि लोकांना त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे यावर कौटिल्याचा कटाक्ष आहे. गुप्तता सिंहासनाच्या पायाशी राहते, सिंहासनावर चढत नाही. इंद्रजाल कॉमिक्स वाचत मोठ्या झालेल्या पिढीला हीच रचना वेताळाच्या कथांत भेटली होती. ली फॉकचा हा चालता-बोलता भुताचा अवतार जंगल गस्ती दलाचा अज्ञात सेनापती आहे, त्याचा चेहरा त्याच्या शिपायांनीही पाहिलेला नाही. पण देशाचा कारभार असतो लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्ष लुआगांकडे. वेताळ त्यांचा मित्र आहे, त्यांच्या खुर्चीवर बसत नाही. बालवाचकांसाठी लिहिलेल्या त्या कथेत सत्तेची जाण पक्की होती.

कुणी म्हणेल, टी'चालासारखा सज्जन माणूस असेल तर नियम सैल करायला काय हरकत? याच मोहाबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीची वाट असेल, पण राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या डोळ्यासमोर खलनायक नव्हते, लोकांना मनापासून आवडणारे मोठे नेते होते. सज्जन माणसासाठी केलेला अपवाद पुढच्या माणसाच्या हाती आयता पडतो. टी'चालाच्या जागी किलमाँगर बसायला चित्रपटात एक द्वंद्वयुद्ध पुरलं. बसल्याबरोबर त्याने काय केलं? वकांडाने जगभर आधीच पेरून ठेवलेल्या गुप्त हेरांना शस्त्रं पाठवायला घेतली. जाळं चांगल्या राजांनी विणलं होतं. वापरायला निघाला दुसराच.

मार्व्हलच्या १९८७ च्या ‘एम्परर डूम’ या कथेत डॉक्टर डूम सगळ्या जगाची मनं गुपचूप ताब्यात घेतो आणि राज्य बरं चालवतो. युद्धं थांबतात, उपासमार घटते. अ‍ॅव्हेंजर्स तरीही त्याला खाली खेचतात. मला तो निर्णय मान्य आहे, त्याच्या किमतीसह.

टी'चालाला पहारा द्यायचाच असेल, तर एका अटीवर देता येईल. प्रत्येक गुप्त कृतीची नोंद त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी, आणि ठरावीक वर्षांनी ती वकांडाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर उघडावी. तो जिवंत असो वा नसो, राजघराणं टिको वा न टिको. ही अट त्याला नको असेल, तर आधी मुकुट उतरवून ठेवावा. ईव्ह युइंगने २०२३ मध्ये सुरू केलेल्या मालिकेत तो नेमका तिथे पोचलेला दिसतो: सिंहासन गेलेलं, देशात पाऊल ठेवायला बंदी, तरी वकांडातल्याच बिर्निन टी'चाका या शहरात ओळख लपवून गल्लीबोळांतल्या माणसांसाठी लढणारा. फ्युरीचा पहारा मी या टी'चालाच्या हाती विश्वासाने देईन. राजा टी'चालाच्या हाती देणार नाही.